ट्वेल्थ नाइट वाचायचंय, जुने इंग्लिश शब्द आधी पाठ करू का?

रंकाळ्यावरचा
आमच्या नाटकाच्या ग्रुपनं शेक्सपियरचं ट्वेल्थ नाइट मूळ इंग्लिशमधनं वाचायचं ठरवलंय आणि माझ्या वाट्याला आलाय विदूषक फेस्टे. गोष्ट कळते ओ, जुळी भावंडं, जहाज फुटतं, बहीण पुरुषाचा वेष घेऊन ड्यूककडं नोकरीला लागते वगैरे, पण फेस्टेनं तोंड उघडलं की माझी विकेट. नेटवर जुन्या शब्दांची भलीमोठी यादी मिळालीय, ती घोकू का आधी?

तांबडा_पांढरा
यादी बिदी नको भावा. ‘वेल्किन’ असला शब्द आला की तू अडणारच आणि बघणारच, आभाळ म्हणून. घात करतात ते ओळखीचे शब्द, तिथं थांबावंसंच वाटत नाही. ‘प्रेझेंटली’ म्हणजे तेव्हा ताबडतोब, ‘स्टिल’ बऱ्याचदा नेहमी, ‘फाँड’ म्हणजे कितीदा तरी खुळा. चौथ्या अंकात फेस्टेच्या मालकिणीच्या, म्हणजे ओलिव्हियाच्या, कारभाऱ्याला मॅल्व्होलिओला अंधारात कोंडलेलं असतं, तिचा काका टोबी आणि दासी मरिया येताना बघून फेस्टे म्हणतो ‘द कॉम्पिटिटर्स एंटर’, तर ते स्पर्धक नव्हेत, कटातले साथीदार!

पेठेतला वाचक
+१. पहिल्या अंकाचा पाचवा प्रवेश काढ. मालकीण तुला हाकलून देईल असा मरिया दम देते, तर हा म्हणतो मी दोन ‘पॉइंट्स’वर ठाम आहे, ती लगेच म्हणते एक तुटला तर दुसरा धरंल, दोन्ही तुटले तर तुमान खाली. पॉइंट्स म्हणजे मुद्दे हायतच, पण त्या काळी तुमान वरच्या कपड्याला ज्या बंदांनी बांधायचे ते बंदपण. सरळ नाडीचा विनोद आहे लेका, तमाशात सोंगाड्यानं मारला असता तर शिट्ट्या पडल्या असत्या. आर्डेन नाहीतर फोल्जरची टिपांवाली आवृत्ती घे, आणि सीन एकदा टिपा न बघता मोठ्यानं वाच, मगच खाली बघ.

मंगळवारातली ताई
‘दाऊ’ आणि ‘यू’चं कुणीच सांगितलं नाही की. ते आपलं तू आणि तुम्ही, सवयीचंच आहे आपल्याला. टोबी आपल्या दोस्ताला, अँड्र्यूला, सिझारिओसाठी (म्हणजे पुरुषवेषातली बहीण वायोला) आव्हानाचं पत्र लिहायला लावतो तेव्हा सांगतो, त्याला तीनेक वेळा ‘दाऊ’ म्हण. म्हणजे मुद्दाम अरेतुरे कर. पण तिसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात ओलिव्हिया सिझारिओला ‘आय लव्ह दी’ म्हणते (‘दी’ म्हणजे ‘दाऊ’चंच रूप, तुला), तिथं तेच अरेतुरे जीव जडल्याचं. कोण कुणाला कधी तू म्हणतंय एवढ्यावर पेन्सिलनं खुणा कर, अर्धं नाटक उलगडतंय बघ.

रंकाळ्यावरचा
भारी ताई! आणि नाडी तर आता जन्मात विसरत नाही. पण ‘वेल्किन’ तर माझ्याच वाक्यात आहे, वायोलाशी बोलताना.

तांबडा_पांढरा
मग पुढचं वाच की. तिथंच म्हणतो, ‘वेल्किन’ऐवजी ‘एलिमेंट’ म्हटलं असतं पण तो शब्द वापरून वापरून झिजलाय. तेव्हाच्या फॅशनेबल बोलण्याची टर उडवतोय गडी, त्यामुळं जरा शिष्टासारखा म्हण.

रंकाळ्यावरचा
ओके. करवीर नगर वाचन मंदिरात आर्डेन मिळंल का, कुणी बघितलंय?