तेलाने माखलेला पक्षी सापडलाय, लगेच धुऊ का?

किनारा_फिरस्ता:
जहाजातून तेल सांडल्यापासून किनाऱ्यावर काळे पडलेले पक्षी येताहेत. आज खडकांत एक पाणकावळा मिळाला. उडत नाही, सारखा चोचीने पिसं साफ करतोय. बचावपथकाला कळवलंय, पण त्यांना यायला वेळ लागेल. भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी तयार आहे. तोवर धुऊन काढू का? त्याचे हाल बघवत नाहीत.

पिसारा:
नका धुऊ! मी बचाव केंद्रात धुलाईच्या टेबलावर काम करते, म्हणून कळकळीने सांगते. तेल लागलेला पक्षी आधी गारठतो. पिसांच्या बारीक तंतूंना आकडे असतात, ते एकमेकांत अडकले की पाणी आत येत नाही. तेलाने ती वीण मोडते आणि थंड पाणी थेट कातडीला भिडतं. पिसं साफ करताना तो तेल गिळतो ते वेगळंच. त्याने आतडी आणि मूत्रपिंडं बिघडतात. अशा अर्धमेल्या जिवाला धुवायला घेतलं तर तो धसक्यानेच जातो. आम्हीसुद्धा आधी ऊब देतो, नळीने क्षारपाणी देतो, रक्त तपासतो. तो तग धरेल असं दिसलं तरच धुतो, त्यात एकदोन दिवस सहज जातात.

आत्ता हातमोजे आणि चष्मा घाला, ही चोच नेमकी डोळ्यावर येते. टॉवेल टाकून धरा आणि भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. खाली कापड, वर अंधार, आसपास शांतता. तोंडात काही घालू नका. आणि चोच बांधू नका! पाणकावळ्याच्या बाहेरच्या नाकपुड्या बंद असतात, तो तोंडानेच श्वास घेतो.

किनारा_फिरस्ता:
खोक्यात ठेवलाय, आता शांत आहे. एक शंका: साबणाने पिसांचं मूळचं तेलही जाईल ना? मग तो पाण्यात टिकणार कसा?

पिसारा:
हे खूप जण विचारतात. पाणी अडवते ती मुख्यतः पिसांची वीण, तेलाचा वाटा त्यामानाने कमी. म्हणून धुण्यापेक्षा खळबळण्याला जास्त जपावं लागतं, कारण उरलेला साबणही तेलाइतकाच घात करतो. एकाने धरायचं, दुसऱ्याने धुवायचं. पाणी साधारण ४० अंशांचं, म्हणजे पक्ष्याच्या अंगाइतकं गरम. टब काळा झाला की पुढचा टब. मग जोरदार फवारा, पिसांच्या उलट दिशेने. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळून पडले आणि खालची लव कोरडी, फुललेली दिसली की हात थांबवायचा. पुढे हौदात सोडून दिवसेंदिवस बघायचं: भिजतोय का, कुडकुडत काठावर येतोय का. वीण तो स्वतःच चोचीने बसवतो.

सागरवेडा:
एवढं करून वाचतात तरी किती?

पिसारा:
जातीवर आणि वेळेवर आहे, सगळेच तग धरत नाहीत. पण २००० साली दक्षिण आफ्रिकेजवळ 'ट्रेझर' जहाज बुडालं तेव्हा सुमारे १९,००० तेलकट पेंग्विन उचलले गेले आणि त्यांतले ९० टक्क्यांहून जास्त परत समुद्रात गेले. मला त्याहून मोलाचं वाटतं ते दुसरं काम: तेल न लागलेले आणखी सुमारे १९,५०० पेंग्विन त्यांनी पकडून शेकडो किलोमीटर दूर नेऊन सोडले. ते पोहत घरी येईपर्यंत इकडे बरंचसं तेल साफ झालं होतं.

@किनारा_फिरस्ता, खोक्यावर जागा आणि वेळ लिहून ठेवा, पथकाला लागेल. आणि सारखं उघडून बघू नका.