मदत हवी आहे: सिरॅमिक्स एमएफएचं प्रदर्शन ३८ दिवसांवर, दोन रांजण तडकलेत आणि स्टेटमेंट जमत नाहीये

नमस्कार. एमएफएचं, म्हणजे कलेतल्या पदव्युत्तर पदवीचं, शेवटचं सत्र चालू आहे. प्रदर्शनाला ३८ दिवस उरलेत. त्याच्या आठ दिवस आधी लेखी थीसिस द्यायचा आहे आणि भिंतीवर लावायला २५० शब्दांचं स्टेटमेंट. जरा सविस्तर लिहिते, नाहीतर "आधी फोटो टाका" एवढंच उत्तर येतं. (फोटो रात्री टाकते.)

काम असं आहे. १२ रांजण, कॉइलने, म्हणजे मातीच्या वळ्या एकावर एक रचून, उभे केलेले. ग्रॉग (भाजलेल्या मातीची भरड) घातलेली स्टोनवेअर माती, इलेक्ट्रिक भट्टी, कोन ६, म्हणजे साधारण १२२० अंश सेल्सिअस. आतून पारदर्शक ग्लेझ (काचेसारखा लेप), बाहेरून कोरे. उंची ४८ सेंमीच्या आसपास, रिकाम्याचं वजन दहा-अकरा किलो. भाजून झाल्यावर प्रत्येकात बरोबर २० लिटर पाणी मावायला हवं असं ठरवलं होतं. माझी माती ओल्यापासून भाजून होईपर्यंत १२ टक्के आटते. ऐकायला हे थोडं वाटतं, पण लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून आटत असल्याने आतली जागा जवळजवळ ३२ टक्क्यांनी घटते. म्हणजे ओल्या रांजणात २९.४ लिटरची जागा ठेवावी लागते. वहीत हे गणित फार सुबक दिसतं. पाणी भरून दहा रांजण तोलले तेव्हा सगळ्यात लहान १८.३ लिटरचा निघाला, सगळ्यात मोठा २१.१ चा. नेमका २० चा एकही नाही.

उरलेले दोन परवा शेवटच्या भट्टीतून तडकूनच बाहेर आले. तळापासून निघालेली उभी चीर, अर्ध्या उंचीपर्यंत.

आता हे का झालं, दोन रांजण नव्याने करायला वेळ आहे का, आणि स्टेटमेंटचं काय करू? माझ्या मसुद्याचं पहिलं वाक्य: "ही मालिका स्मृती, रिक्तता आणि अस्तित्व यांच्यातील संवादाचा शोध घेते." मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने लिहिलंय, "हे कोणाच्या कामाबद्दल आहे?" दोन आठवडे झाले, त्यापुढे एक ओळ सरकलेली नाही.

एक विनंती, किंत्सुगी सुचवू नका. सोनं भरून तडा मिरवणं आमच्या वर्गात तिघांनी आधीच करून झालंय.

प्रतिसाद १
चिरेच्या कडेवर बोट फिरवा. ग्लेझ वितळून कडेवर गोलसर बसलंय की काचेसारखं धारदार तुटलंय? गोलसर असेल तर तडा तापताना गेलाय, ग्लेझ वितळण्याआधी. बऱ्याचदा तो बिस्कमध्येच, म्हणजे ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीतच, असतो, आपल्याला दिसत नाही इतकंच. धारदार असेल तर भट्टी निवताना गेलाय. आणि खरं सांगा, भट्टी किती अंशांवर उघडली?

धागाकर्ती
धारदार आहे, बोट कापलं. पायरोमीटर २४० दाखवत होता. झाकण चार बोटं उचलून खाली विटेचा तुकडा ठेवला होता. पुढच्याचा नंबर लागला होता हो.

प्रतिसाद १
मग वेगळं कारण शोधायला नको. निवताना दोन जागा नाजूक असतात. ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम आक्रसतं, आणि मातीत क्रिस्टोबलाइट (सिलिकाचं दुसरं रूप) तयार झालं असेल तर तेही साधारण २२६ ला तसंच करतं. तुम्ही नेमकी या दुसऱ्या जागेच्या तोंडावर गार हवा आत सोडली. भर म्हणजे रांजणाचा तळ गरम शेल्फला चिकटलेला, तो उष्णता धरून बसतो, आणि अंग मात्र भराभर निवतं. म्हणून चीर तळापासून निघाली. फक्त आतून जाड ग्लेझ असेल तर तोही ताण यात मिळतो.

पुढच्या वेळी तळाखाली बारीक ग्रॉगचा थर द्या किंवा मातीचे छोटे ठोकळे ठेवून हवा खेळू द्या. आणि १०० च्या खाली आल्याशिवाय झाकणाला हात लावू नका, मग नंबर कोणाचाही असो. तडकलेले पुन्हा भाजू नका, चीर मिटत नाही, रुंदावते.

प्रतिसाद २
नव्याने करायच्या भानगडीत पडू नका. हिशेब करा: उभा करायला ५ दिवस, या जाडीचा रांजण सावकाश वाळायला किमान १५ ते २० दिवस, बिस्क भरून, लावून, निववून ३, ग्लेझ आणि पुन्हा भट्टी धरून आणखी ४-५. तिशीच्या घरात गेलात, आणि सत्र संपताना भट्टीची रांग कशी असते ते तुम्हाला माहीत आहेच. थीसिस कधी लिहिणार?

दहा पुरेत. मी बाराचा हट्ट धरला होता आणि उद्घाटनाच्या सकाळी प्लिंथ (रांजण ठेवायचे चौथरे) रंगवत बसलो होतो, हाताला पांढरा रंग तसाच. दहा रांजणांच्या तळांएवढे कागद कापा, जमिनीवर मांडून आठवडाभर येताजाता बघा. फोटो मांडणीच्या आधीच काढून घ्या, साध्या राखाडी पार्श्वभूमीवर, एकेक वेगळा. दालनातल्या दिव्यांत आतलं ग्लेझ नुसतं चमकतं, रांजण दिसतच नाही.

प्रतिसाद ३
स्मृती-रिक्तता-अस्तित्व हे वाक्य शेजारच्या विणकामाच्या प्रदर्शनात लावलं तरी चालेल. तुमच्या मार्गदर्शकांनी फार सभ्यपणे सांगितलंय. १८.३ आणि २१.१ एवढंच लिहिलंत तरी मी ते भिंतीवर उभी राहून वाचेन.

धागाकर्ती
हे मलाही सुचलं होतं, पण ते प्रयोगशाळेचा अहवाल वाटेल अशी भीती आहे. परीक्षक विचारतील, बरं मग? मोजलंत, पुढे?

प्रतिसाद ३
विचारूच देत. मीही विचारते: २० च का? एवढं सगळं लिहिलंत, पण ते कुठेच नाही. १० का नाही, २५ का नाही?

धागाकर्ती
(उशिरा उत्तर देतेय, माफी.) लिहायला जरा संकोच वाटला. पहिल्या वर्षी एक मोठं भांडं भरलेलं असताना हलवायला गेले आणि पाठ धरली. तेव्हापासून किती पेलतं ते मला माहीत आहे. रांजणासकट २५ किलोपर्यंत एकटी उचलते. दहा किलोच्या रांजणात २० लिटर म्हणजे ३०. रिकामा रांजण मी एकटी करते, वाळवते, भट्टीत ठेवते. भरला की मला दुसरं माणूस बोलवावं लागतं. म्हणून २०.

प्रतिसाद ३
बाई, हे सोडून तुम्ही अस्तित्व लिहीत होतात!

प्रतिसाद ४
थीसिसच्या संदर्भ-प्रकरणासाठी. सगळे देतात म्हणून चिनी कलाकार आय वेवेच्या सूर्यफुलाच्या बियांकडे जाऊ नका. २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात पसरलेल्या त्या दहा कोटी पोर्सिलेनच्या बिया शेकडो हातांनी केलेल्या होत्या, तुमचा प्रश्न एकाच अंगाच्या ताकदीचा आहे. मापाच्या भांड्यांकडे बघा. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे प्राचीन बाजारचौकात, धान्य मापायची सरकारी मातीची मापं सापडली आहेत, त्यांवर 'देमोसिऑन', म्हणजे सार्वजनिक, अशी खूण आहे. प्राचीन रोममध्ये तर अँफोरा (दोन कानांचं मातीचं उंच भांडं) हे आकारमानाचं एककच होतं, सुमारे २६ लिटर, आणि त्याचा प्रमाण नमुना कॅपिटोल टेकडीवर ठेवलेला असे.

सगळ्यात जवळचं मोंते तेस्ताच्चो. रोममधली ही अख्खी टेकडी फुटक्या अँफोरांची आहे, बहुतेक ऑलिव्ह तेलाच्या. त्या खापरांवर शाईने लिहिलेलं आढळतं: रिकाम्या भांड्याचं वजन, तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव. प्रत्येक भांडं वेगळं तोलत, कारण कुंभाराच्या हातून दोन सारखी येत नाहीत हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. तुम्ही ज्याला चूक म्हणताय ती तिथे रोजची नोंद होती.

तडकलेले दोनही मांडा, आकड्याच्या जागी आडवी रेघ.

प्रतिसाद १
शेवटच्या ओळीला माझा विरोध. झाकण लवकर उघडलं म्हणून तडकलेला रांजण हा झाकण लवकर उघडलेला रांजण असतो. त्याला अर्थ चिकटवला की शेजारच्या दहांवरचा विश्वासही जातो. थीसिसमध्ये भट्टीच्या नोंदीसकट प्रामाणिकपणे लिहा, दालनात नको.

धागाकर्ती
तीन दिवस दोन्ही बाजूंनी विचार केला. दहाच मांडतेय. तडकलेले दोन थीसिसच्या तिसऱ्या प्रकरणात, २४० अंशांसकट. स्टेटमेंट आता असं सुरू होतं: "मी एकटी २५ किलो उचलू शकते. यातला प्रत्येक रांजण भरल्यावर त्याहून जड होतो. प्रत्येकात बरोबर २० लिटर मावावेत असं ठरवलं होतं, एकातही बरोबर तेवढे मावत नाहीत." पुढचे दोन परिच्छेद आटण्याच्या गणिताचे आणि तोलण्याचे. एकूण १८० शब्द झाले. मार्गदर्शकांनी एका विशेषणाखाली रेघ मारली, बाकी काही नाही.

एकच अडचण उरली आहे. रिकामं वजन आणि मावणारं पाणी थेट रांजणाच्या खांद्यावर लिहायचंय. कोऱ्या पृष्ठभागावर पेन्सिल छान उमटते, पण ओलं फडकं लागलं की फिकी होते. ऑक्साइडने (भट्टीत पक्क्या होणाऱ्या रंगाने) लिहून पुन्हा भाजायची हिंमत नाही.

प्रतिसाद २
भट्टीत नकोच. प्रदर्शन आठवडाभराचं असेल तर मऊ पेन्सिल पुरते, ६बी घ्या. वरून वॉर्निश किंवा मेण लावू नका, कोऱ्या मातीवर डाग पडतो आणि निघत नाही. दालन झाडणाऱ्यांना मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवा.