मदत हवी आहे: 'लाइकली'ला मराठीत काय म्हणायचं?

हवामान बदल आणि ऊर्जा संक्रमणावरच्या रिसर्च पेपरचे सोप्या मराठीत दोन-दोन पानी सारांश करतोय. पेपर मिळवायचा प्रश्न नाहीये, अनपेवॉल या फ्री पेपर शोधून देणाऱ्या टूलवर कॉपी सापडते, नाहीतर लेखकाला मेल केला की बरेचदा पाठवतात. अडलंय ते खात्रीच्या शब्दांवर.

आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची वैज्ञानिक समिती) भाषेत 'लाइकली' म्हणजे 66 ते 100 टक्के शक्यता आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे 90 ते 100, आणि 'हाय कॉन्फिडन्स' हे तर वेगळंच प्रकरण, ते पुरावा किती भक्कम आणि त्यावर एकमत किती यावरून ठरतं. मी 'शक्यता आहे' लिहिलं तर वाचणाऱ्यांना वाटलं होईल किंवा नाही होणार, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी. 'बहुतेक' लिहिलं तर अंदाजपंचे वाटतं. कंसात टक्के टाकून पाहिले, ते कोणी वाचतच नाही (मी स्वतःही नसते वाचले). तक्ता किंवा रंग चालणार नाहीत कारण याचं ऑडिओपण करायचंय, आणि ऐकणारे सायन्सवाले नाहीत.

तर 'लाइकली', 'व्हेरी लाइकली' आणि 'हाय कॉन्फिडन्स' या तिघांसाठी बोलीतले असे कोणते शब्द वापराल की नुसतं ऐकून फरक कळेल?