आधी कॉइलओव्हर की आधी ट्रॅकवरचे तास?

वळणवेडा:
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, ‘कंपनीच्या सस्पेन्शनवर ट्रॅकला जाणं म्हणजे दिवस फुकट, आधी कॉइलओव्हर टाका.’ कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारं स्प्रिंग-शॉकअपचं किट. आणि खाली वाहवा! राहवेना म्हणून लिहितोय. माझ्या पहिल्या ट्रॅक दिवशी (रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस) सलग दोन लॅपमध्ये चार सेकंदांचा फरक पडला. गाडी तीच, टायर तेच, ऊनसुद्धा तेच. त्या चार सेकंदांत शॉकअपचा दोष किती? ज्याला दोनदा एकाच जागी ब्रेक दाबता येत नाही, त्याने डँपरचे म्हणजे शॉकअपचे, कडकपणा बदलणारे क्लिक मोजत बसू नये. तोच पैसा ट्रॅकच्या तासांवर आणि शेजारी बसून ओरडणाऱ्या प्रशिक्षकावर घाला.

कडकस्प्रिंग:
ती पोस्ट माझीच, आणि तुम्ही ती अर्धीच वाचलीत. दोन ट्रॅक दिवसांत माझ्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा तारेपर्यंत झिजल्या, मधला भाग नवाकोरा. मॅकफर्सन स्ट्रटची (शॉकअपच्याच खांबावर चाक धरलेली) गाडी वळणात कलली की बाहेरच्या चाकाचा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे वरून आत असलेला झुकाव, जातो. प्रशिक्षक काय टायरची समजूत घालणार?

वळणवेडा:
त्याला शॉकअपच्या वरच्या टोकाला हा झुकाव बदलणारी कॅम्बर प्लेट लावा, अडीच अंश निगेटिव्ह घ्या. अख्खं किट कशाला?

जुनाक्लच:
विषय निघालाच आहे तर बोलतो. कॉइलओव्हर टाकणारे निम्मे लोक टायर आणि फेंडरमधली फट बुजवायला टाकतात, ट्रॅकचं निमित्त. स्ट्रटची गाडी फार खाली घेतली की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलायला आणखी लांब पहार मिळते. फोटो झकास येतो, एवढंच.

कडकस्प्रिंग:
म्हणून तर स्प्रिंग कडक घेतो ना! कलणं कमी, वजन सरकणं कमी.

जुनाक्लच:
इथेच घोडं पेंड खातं. वजन किती सरकणार हे गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणात किती जोर लावता यावर ठरतं. स्प्रिंग आणि कलणं रोखणाऱ्या अँटी-रोल बारने फक्त त्याची पुढे-मागे वाटणी बदलते.

कडकस्प्रिंग:
पुस्तक मिटा आणि कधीतरी गाडी चालवा.

जुनाक्लच:
चालवली, म्हणूनच सांगतोय. मीही ४० मिमी खाली घेतली होती. शॉकला हलायला जागाच उरली नाही. वेगाच्या वळणात मागची बाजू बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकची हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्यावर बसली, चाकाचा कडकपणा एका क्षणात कैकपट झाला, टायर सुटला आणि मी गवतात उलट्या तोंडाने. ते कॉइलओव्हर महागातले होते बरं का.

तापलेलापॅड:
तुमचं चालू द्या. ब्रेक ऑइल कोणी बदललंय का? डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, ओल धरलेल्याची हमी फक्त १५५ची. माझं पेडल तळाला टेकलं तेव्हा ना सस्पेन्शन आठवलं ना प्रशिक्षक. आधी ब्रेक!

वळणवेडा:
ब्रेकचा वेगळा धागा काढा हो. कडकस्प्रिंगसाहेब, एक विचारतो. वळणात मधेच एक्सलरेटर सोडता का?

कडकस्प्रिंग:
...कधी कधी.

वळणवेडा:
मग मागचं टोक निसटतं त्याला कुठलं किट घेणार?

कडकस्प्रिंग:
बरं, तुम्ही सगळे थोर. पण गळके शॉकअप आणि फाटलेले बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) घेऊन मी किती तास घासू? गाडी दर वेळी वेगळी वागली तर चूक माझी की तिची, कळणार कसं?

वळणवेडा:
हे मान्य. गळके असतील तर बदलाच. कंपनीचेच नवे.

कडकस्प्रिंग:
‘कंपनीचेच’ जोडल्याशिवाय राहवलं नाही ना? ठीक. पुढच्या वेळी गाडी २० मिमी वर घेतो. लॅप हळू पडला तर जुनाक्लच, तुम्हाला सोडणार नाही.

जुनाक्लच:
वर घेतल्यावर अलाइनमेंट पुन्हा करा. नाहीतर तेही माझ्या माथी माराल.

वळणवेडा:
कॅम्बर प्लेट मीही मागवलीय. हसू नका.