मदत हवी आहे: सेंद्रिय कॉफीला खोडकिडा, क्लोरपायरीफॉस हे रासायनिक कीटकनाशक चालेल का?

रानकॉफी: दोन एकर कॉफी, सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या तीन रूपांतर वर्षांपैकी दुसरं. पानं पिवळी पडून झाडं वाळतायत, पंचवीसेक गेली. खोडाला एकदाच क्लोरपायरीफॉस चोळलं तर चालेल का? लवकर सांगा.

हिरवीगार: पिवळी पानं म्हणजे तांबेरा, बुरशीचा रोग. बोर्डो मिश्रण मारा: 1 किलो मोरचूद (तांब्याचं क्षार), 1 किलो चुना, 200 लिटर पाणी.

घाटमाथा: तांबेऱ्यात पानाखाली नारिंगी भुकटी दिसते. उगाच तांबं मातीत साठवू नका, गांडुळांना बाधतं. भाऊ, बाग कुठे? कॉफीची जात अरेबिका की रोबस्टा? खोडाच्या सालीवर उठलेले वळ आहेत? सावलीला झाडं?

रानकॉफी: चिखलदरा. अरेबिकाच. वळ आहेत. सिल्व्हर ओक आहे, गेल्या वर्षी बराच छाटला.

घाटमाथा: सावली छाटलीत, तिथेच चुकलं. वळ म्हणजे खोडात अळी, हा पांढरा खोडकिडा. तो उन्हात उघड्या पडलेल्या खोडाच्या भेगांत अंडी घालतो. क्लोरपायरीफॉस लावलंत तर तीन वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून, आणि तोवर माल साध्याच भावाने जाणार. वळ असलेली झाडं उपटून जाळा. मार्च चालू आहे, एप्रिल-मेमध्ये या अळ्यांचे भुंगे होऊन उडतात. दुसरी फेरी ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणून सप्टेंबरात पुन्हा तपासा.

कुळागर: निरोगी झाडांची सुटी साल नारळाच्या सोडणाने घासा. कोयता नको, जखम होते. मग 20 किलो चुना 200 लिटर पाण्यात गाळून खोडावर आणि जाड फांद्यांवर फवारा. चिकटायला त्यात 200 मिली फेव्हिकॉल डीडीएल हा डिंक.

घाटमाथा: फेव्हिकॉल कृत्रिम आहे. सेंद्रिय प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला आधी लेखी विचारा.

मिरीवेल: एकरी 10 फेरोमोन (किड्याच्या गंधाचे) सापळे लावा, झालं काम.

कुळागर: नुसत्या सापळ्यांनी भागत नाही. नराच्या गंधावर मादी येते, पण सगळ्या येत नाहीत. सावली आधी. सावलीला पांगारा लावा, पाला पडतो, नत्रही मिळतं.

मिरीवेल: सरळ रोबस्टा लावा, तिला हा किडा सहसा लागत नाही.

घाटमाथा: रोबस्टाला परपरागीकरण लागतं, एकाच क्लोनची (एकाच झाडापासून कलमांनी वाढवलेली) बाग फळ धरत नाही. आणि उभी अरेबिका काढून टाकायची?

हिरवीगार: पल्परचं, म्हणजे कॉफीफळांची साल काढणाऱ्या यंत्राचं, पाणी ओढ्यात सोडू नका हं. आंबट असतं, ओढ्यातला प्राणवायू संपवतं. टाकीत चुन्याने आम्लता घालवा, सालीचं खत करा.

रानकॉफी: पल्पर नाहीच अजून! प्रमाणपत्राचा खर्च एकट्याला जड जातोय, त्यात हे.

कुळागर: गटाने प्रमाणपत्र घ्या. कमीत कमी 25 शेतकरी लागतात, खर्च वाटला जातो.

रानकॉफी: बघतो. वाळलेली झाडं तोडून सरपणाला बांधावर रचलीत, तीही जाळायची?

घाटमाथा: आधी तीच जाळा, आजच. अळ्या लाकडात जिवंत असतात, भुंगे त्या ढिगातूनच निघतील. बुंधेही जमिनीत ठेवू नका.