कॉलेज इमारत आणि हॉस्टेल (मुंबई): पर्यावरण मंजुरी (ईसी) लागेल का? लागली तर तयारी काय?

इस्टेट_विभाग
नमस्कार. पूर्व उपनगरातल्या आमच्या विद्यापीठ आवारात सुमारे 2 हेक्टर भागावर एक शैक्षणिक इमारत (प्रयोगशाळांसह) आणि हॉस्टेल बांधायचं आहे. एफएसआयमध्ये (चटई क्षेत्र निर्देशांकात) मोजलेलं क्षेत्र 17,600 चौ. मी. आहे. बेसमेंट पार्किंग, पोडियम, जिने, सर्व्हिस फ्लोअर धरले तर 24,900. हॉस्टेलला 800 मुलं, दिवसा येणारे विद्यार्थी आणि कर्मचारी मिळून 3,000.
आर्किटेक्ट म्हणतात, शैक्षणिक इमारतींना पर्यावरण मंजुरीतून सूट आहे, आणि तसंही आपण 20,000 च्या आत आहोत. सल्लागार म्हणतो, पूर्ण ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) रिपोर्ट आणि जनसुनावणी दोन्ही लागेल. दोघांपैकी बरोबर कोण? आणि आयओडी (पालिकेची सशर्त प्राथमिक परवानगी) मिळाल्यावर खोदकाम सुरू केलं तर चालेल का?

फॉर्म_वन_ए
दोघंही चूक.

आर्किटेक्टसाहेबांचं आधी. 22 डिसेंबर 2014 च्या दुरुस्तीने शाळा, कॉलेज, हॉस्टेल यांना दीड लाख चौ. मी. पर्यंत सूट दिली होती. 29 जानेवारी 2025 च्या अधिसूचनेत ती टिपेच्या रूपात पुन्हा आली. सुप्रीम कोर्टाने 5 ऑगस्ट 2025 रोजी वनशक्ती या पर्यावरण संस्थेच्या प्रकरणात ती टीप रद्द केली. त्यामुळे सूट हा विषय संपला. अजून बऱ्याच ऑफिसांत 2014 चा कागद फाइलला लावलेला दिसतो, त्यावर विसंबू नका.

क्षेत्राबद्दल: 2006 च्या ईआयए अधिसूचनेत एफएसआय मोजतच नाहीत. एप्रिल 2011 च्या दुरुस्तीपासून बिल्ट-अप म्हणजे सर्व मजले, बेसमेंट आणि सर्व्हिस एरिया धरून एकूण छताखालचं क्षेत्र. म्हणून तुमचा आकडा 24,900 हाच. अनुसूचीतला 8(अ) लागू, म्हणजे 20,000 ते 1,50,000 चौ. मी.

आता सल्लागार. 8(अ) हा बी-टू वर्ग. त्यात स्वतंत्र ईआयए रिपोर्ट लागत नाही. फॉर्म 1, फॉर्म 1-ए, संकल्पनात्मक आराखडा आणि पर्यावरण व्यवस्थापन आराखडा एवढ्यावर राज्याची तज्ज्ञ मूल्यांकन समिती छाननी करते आणि मंजुरी राज्याचं पर्यावरण प्राधिकरण देतं. जनसुनावणी तर अनुसूचीतल्या आठव्या क्रमांकाच्या कुठल्याच प्रकल्पाला नाही. पूर्ण हंगामभराच्या हवा-पाणी मोजमापाचं बिल तो लावत असेल तर का ते विचारा. हवा, आवाज, पाणी, मातीचे एनएबीएल-मान्यताप्राप्त लॅबचे, एकदाच घेतलेले नमुने मात्र जोडा, समिती मागतेच.

अधिसूचनेप्रमाणे मुदत समितीला 60 आणि प्राधिकरणाला 45 दिवस. पण ती अर्ज परिपूर्ण मानला गेल्यावर सुरू होते. परिवेश या केंद्राच्या अर्ज पोर्टलवर शंका निघाली की घड्याळ थांबलं. सर्वात जास्त शंका निघतात त्या केएमएल (हद्द दाखवणाऱ्या डिजिटल नकाशाच्या) फाइलवर: प्लॉटची आखलेली हद्द आणि प्रॉपर्टी कार्ड जुळत नाही. गुगल नकाशावर अंदाजे बोट फिरवून केएमएल बनवू नका, सर्व्हेअरकडून डीजीपीएसचे (अचूक उपग्रह मोजणीचे) बिंदू घ्या.

खोदकाम नाही. ईसीच्या आधी कुंपण आणि रखवालदाराची शेड, एवढंच. आयओडी म्हणजे ईसी नव्हे. खड्डा मारला की तो उल्लंघनाचा प्रकल्प होतो आणि सगळं प्रकरण वेगळ्या वाटेने जातं. मागाहून ईसी देण्याला 16 मे 2025 च्या निकालाने बंदी आली होती, तो निकाल 18 नोव्हेंबर 2025 ला बहुमताने मागे घेतला गेला. पण त्याच्या भरवशावर कोणी "करून टाका, नंतर बघू" म्हणालं तर ऐकू नका.

इस्टेट_विभाग
धन्यवाद. मग हॉस्टेल दुसऱ्या टप्प्यात टाकलं आणि आता फक्त 14,000 ची शैक्षणिक इमारत दाखवली तर?

फॉर्म_वन_ए
तुकडे पाडणं चालत नाही. एकच मालक, एकच लेआउट, एकच रस्ता आणि ड्रेनेज असेल तर बेरीज होणार. शिवाय समिती आवारातल्या जुन्या इमारतींचा तक्ताही मागेल: प्रत्येकीचं क्षेत्र, सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) आणि ओसी (भोगवटा दाखला) यांच्या तारखा, आर्किटेक्टचं प्रमाणपत्र. विद्यापीठांचं घोडं नेमकं इथे अडतं, कारण सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारतींच्या ओसी सापडत नाहीत. पालिकेकडून जुन्या नकाशांच्या प्रमाणित प्रती आजच मागवा.

त्याचबरोबर डीपी रिमार्क (विकास आराखड्यातल्या नोंदी) काढून दोन हद्दी तपासा: संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा इको-सेन्सिटिव्ह झोन (अधिसूचना 5 डिसेंबर 2016) आणि ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याचा. खाडी जवळ असेल तर सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आणि खारफुटीपासून 50 मीटरचा पट्टाही. यातलं एक जरी लागू झालं तरी बाकी सगळ्याच्या आधी ते सोडवावं लागेल.

पीएचई_कुलकर्णी
पाण्याचा ताळेबंद मी मांडतो, कारण समितीपुढच्या प्रेझेंटेशनमध्ये निम्मा वेळ त्यावरच जातो.

राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे हॉस्टेलला माणशी 135 लिटर (90 वापर, 45 फ्लश), दिवसा येणाऱ्यांना 45 (25 वापर, 20 फ्लश).
हॉस्टेल: 800 × 135 = 108 घनमीटर. दिवसाचे: 3,000 × 45 = 135. एकूण रोज 243, त्यात फ्लश 96.
सांडपाणी: वापराच्या 147 चे 90 टक्के म्हणजे 132, अधिक फ्लशचे 96. साधारण 228. एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्लांट) रोज 250 घनमीटरचा धरा.

प्रक्रिया झालेलं पाणी 205 च्या आसपास मिळेल. फ्लशला 96 गेलं, बागेला थोडं, सेंट्रल एसी असेल तर कूलिंग टॉवरला. उरलेलं पालिकेच्या गटारात, त्याची एनओसी लागेल. पावसाळ्याचा आणि कोरड्या दिवसांचा तक्ता वेगळा द्या. जुलैमध्ये बागेला पाणी दाखवलंत की समिती हसते.

कॉलेजच्या एसटीपीचं खरं दुखणं वेगळंच आहे. सोसायटीत बाराही महिने तेवढीच माणसं असतात. इथे मे महिन्यात हॉस्टेलला शंभर मुलं उरतात, दिवसाचे जवळजवळ शून्य, आणि 250 च्या प्लांटला 40 घनमीटरसुद्धा मिळत नाही. जिवाणूंना खाद्य मिळत नाही, ते मरतात, आणि जूनमध्ये कॉलेज भरल्यावर पंधरा दिवस वास आणि फेस. म्हणून 125 चे दोन समांतर भाग करा आणि सुट्टीत एकच चालवा. समीकरण टाकी (येणारं पाणी साठवून प्लांटला सारखं सोडणारी) किमान 8 तासांची, म्हणजे 83 घनमीटरच्या वर, कारण हॉस्टेलचं सगळं पाणी सकाळी तीन तासांत येतं.

प्रयोगशाळांची सिंकं एसटीपीला अजिबात जोडू नका. आम्ल, जड धातू, सॉल्व्हंट आले की जिवाणू गेलेच. लॅबसाठी वेगळी लाइन, तटस्थीकरण टाकी, छोटा ईटीपी (रासायनिक सांडपाण्याचा प्लांट). सॉल्व्हंट आणि मुदत संपलेली रसायनं ड्रममध्ये साठवून तळोज्याच्या घातक कचरा केंद्राला. फॉर्म 1-ए मध्ये हे नसेल तर पुढे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीला अडेल.

नाला_ते_खाडी
पावसाच्या पाण्याबद्दल. बहुतेक सल्लागार चार रिचार्ज पिट (पाणी जमिनीत मुरवायचे खड्डे) काढून मोकळे होतात. मुंबईत खाली बेसाल्ट, आणि जुलैमध्ये बऱ्याच ठिकाणी भूजल जमिनीखाली मीटर-दोन मीटरवर. पिट भरलेलाच असतो, पाणी मुरणार कुठे? भू-तांत्रिक अहवालात पावसाळ्यातली पातळी नोंदवा. ती उथळ असेल तर छतावरच्या पाण्यासाठी साठवण टाकीच दाखवा.

त्याशिवाय होल्डिंग टाकी. 2 हेक्टरवर ताशी 50 मिमी पाऊस धरा. आज मोकळी जमीन आहे, वाहून जाण्याचा गुणांक 0.4, म्हणजे तासाला 400 घनमीटर. बांधकामानंतर 0.8, म्हणजे 800. जादाचे 400 बाहेरच्या नाल्यावर टाकायचे नाहीत. अर्ध्या तासाचा फरक अडवायचा तर 200 घनमीटरची टाकी. भरतीच्या वेळी नाल्याची पातळी चढते आणि गुरुत्वाने काही जात नाही, त्यामुळे पंप हवा, आणि तो डीजीवर (डिझेल जनरेटरवर). 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला होता. तेवढ्यासाठी टाकी कोणी बांधत नाही. पण डीजी आणि इलेक्ट्रिक पॅनेल बेसमेंटमध्ये ठेवायचे नाहीत, एवढं तरी करता येतं.

मनोरंजन मैदानाची सक्तीची जागा मूळ मातीवर दाखवा. खाली एसटीपी किंवा होल्डिंग टाकी आली की ती जागा मोजत नाहीत. हे ड्रॉइंग तिथूनच परत येतं.

साइट_मॅनेजर_ठाणे
बांधकामाच्या काळातलं थोडं. शैक्षणिक संस्थेभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र: दिवसा 50, रात्री 40 डेसिबल. चालू वर्गांशेजारी काम आहे, तेव्हा ड्रिव्हन (ठोकून बसवायचे) पाइल नको, बोअर्ड (भोक पाडून ओतायचे) घ्या, आणि परीक्षेच्या तारखा वेळापत्रकात धरा. पालिकेच्या ऑक्टोबर 2023 च्या नियमांनुसार एक एकराहून मोठ्या जागेला भोवती 35 फूट उंच पत्रे लागतात, ते एस्टिमेटमध्ये विसरलं जातं. झाडांची यादी वयासकट करा. 2021 च्या दुरुस्तीनंतर भरपाईची रोपं झाडाच्या वयाइतकी लावावी लागतात. आवारातला चाळीस वर्षांचा एक पर्जन्यवृक्ष काढला तर चाळीस रोपं. इमारत दहा मीटर सरकवणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

फॉर्म_वन_ए
मंजुरी हातात आल्यावर 7 दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात, त्यातलं एक मराठी. मग, लागत असेल तर, प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती, आणि त्यानंतर खोदकाम. सहामाही अनुपालन अहवाल दर 1 जून आणि 1 डिसेंबरला. तो इस्टेट विभागात कोणाच्या नावावर राहील हे आताच ठरवा, कारण कंत्राटदार निघून गेल्यावरही तो द्यायचाच असतो.