मदत हवी आहे: चुंबकीय उत्प्रेरक चौथ्या फेरीत मंदावतो

सुझुकी कपलिंगसाठी (पॅलॅडियमच्या मदतीने दोन कार्बनी रेणू जोडणारी अभिक्रिया) मॅग्नेटाइटच्या, म्हणजे चुंबकीय लोह ऑक्साइडच्या, नॅनोकणांवर सिलिकाचं आवरण, त्यावर अमिनो गट आणि पॅलॅडियम असा उत्प्रेरक बनवलाय. ४-ब्रोमोअ‍ॅनिसोल, फिनाइलबोरोनिक आम्ल, पोटॅशियम कार्बोनेट, इथेनॉल-पाणी १:१, ८० अंश सेल्सिअस, दोन तास. तोच उत्प्रेरक पुन्हा पुन्हा वापरला, तर उत्पादन पहिल्या फेरीत ९४ टक्के, मग ९२, ८६ आणि चौथ्या फेरीत एकदम ६१.

कण वाया जात नाहीत. चुंबकाला आधीसारखेच चिकटतात, वजनही जवळपास तेवढंच भरतं. दर वेळी पाण्याने, मग इथेनॉलने धुऊन ६० अंशांवर निर्वातात वाळवतो. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) मॅग्नेटाइटची शिखरं शाबूत आहेत. गरम असतानाच उत्प्रेरक काढून घेतला, तर द्रावणात अभिक्रिया पुढे सरकत नाही, म्हणजे पॅलॅडियम द्रावणात सुटलेलं दिसत नाही. पण सुटलेलं पॅलॅडियम थंड होताना परत कणांवर बसत असेल, तर या चाचणीवर किती विसंबायचं? माझा खरा संशय अल्कावर आहे: गरम अल्कधर्मी पाण्यात सिलिका विरघळते, आणि पॅलॅडियमला धरून ठेवणारे अमिनो गट तिलाच बांधलेले आहेत.

टोल्युइन किंवा डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) यांसारखं घातक द्रावक वापरायचं नाही, हरित पद्धत हाच कामाचा गाभा आहे. बाहेरून एकच तपासणी करून घेण्याइतके पैसे आहेत. गाळलेल्या द्रावणातल्या पॅलॅडियमसाठी आयसीपी (धातूचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारी तपासणी) करू, की वापरलेल्या कणांचं टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून चित्रण)?